विद्यार्थी गटाचा सेवाप्रकल्प संस्थेसोबत कसा आखायचा

वीस विद्यार्थी, एक मोकळा शनिवार आणि ‘काहीतरी चांगलं करू या’ एवढ्या भांडवलावर प्रकल्प सुरू झाला, की त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा संस्थेला बसतो. तिथल्या दोन माणसांचा अख्खा दिवस आलेल्या मुलांना काम शोधून देण्यात जातो आणि दुसरा दिवस अर्धवट राहिलेलं निस्तरण्यात. संस्था तोंडावर काही बोलत नाही. पुढच्या वेळी फोन केला की ‘सध्या जरा गडबड आहे’ एवढंच कळवते.

म्हणून आखणीच्या पहिल्या दिवसापासून एक हिशेब मांडून ठेवा: आपल्या जाण्याने संस्थेच्या माणसांचे किती तास वाचणार आणि किती तास जाणार? जाणारे तास जास्त निघाले, तर काम बदला किंवा गट लहान करा.

इथे १० ते ३० जणांचा शाळेचा किंवा कॉलेजचा गट गृहीत धरला आहे. एका दिवसाच्या कामासाठीसुद्धा सहा ते आठ आठवडे आधी सुरुवात करा. त्यातला निम्मा वेळ परवानग्या आणि निरोपांची वाट बघण्यात जातो.

फोन करण्याआधी एक पान लिहा

गटात किती जण, वयं काय, अठराच्या खालचे किती, कोणत्या वारी किती वाजता मोकळे, सोबत मोठी माणसं किती, पैसे किती आणि ते कोण देणार, हे सगळं एका पानावर उतरवा. त्याखाली कोणाला काय येतं ते लिहा: टायपिंग, चित्रकला, सुतारकाम, दोन-तीन भाषा, चांगला वाचणारा आवाज. गटाला काय जमणार नाही, तेही त्याच पानावर हवं. कोणाला धुळीचा त्रास आहे, कोणाला जड उचलता येत नाही, हे कामाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

आकडा लिहिताना हात राखून लिहा. चोवीस जणांनी नावं दिली असतील, तर आखणी अठरा जणांची करा. परीक्षा, ताप, लग्नकार्य, नुसता कंटाळा, काहीही आडवं येतं. सगळेच्या सगळे आलेच, तर जास्तीच्या सहा जणांना देता येईल असं एखादं काम राखून ठेवा.

संस्था निवडताना

दोन-तीन संस्था काढा, पण विचारणा एका वेळी एकीकडेच करा. तिघींना एकदम विचारून दोघींना नंतर नकार देणं वाईट दिसतं. जाण्यायेण्याचा वेळ आधी बघा. तीन तासांच्या कामासाठी एका बाजूचा प्रवास पाऊण तासाहून जास्त असेल, तर जवळची संस्था शोधलेली बरी.

संस्थेत स्वयंसेवकांचं काम बघणारी एखादी ठरावीक व्यक्ती आहे का, याला फार महत्त्व आहे. अशी व्यक्ती असेल तर तिथे गट सांभाळायची सवय असते. नसेल तर पाच-सहा जणांपासून सुरुवात करा.

तारखेबाबत एक सूचना. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो १९८५ साली जाहीर केला. अशा दिवसांच्या आसपास आणि सणासुदीला बऱ्याच संस्थांकडे गटांची रीघ लागते. त्यानंतरच्या एखाद्या साध्या, कोणाच्या लक्षात नसलेल्या आठवड्यात मात्र कोणी फिरकत नाही. तुम्ही तो आठवडा मागा.

नवख्या गटांना सगळ्यात आधी बालगृह सुचतं. एका दिवसाच्या भेटीसाठी आमच्या मते ती सगळ्यात चुकीची जागा आहे. तिथल्या मुलांच्या आयुष्यातून माणसं आधीच निघून गेलेली असतात. त्यात तीन तास जीव लावून पुन्हा न दिसणाऱ्यांची भर घालू नये. वर्षभर दर आठवड्याला ठरल्या वारी जायची तयारी असेल तरच विचारा. नाहीतर त्याच संस्थेच्या कपाटांचं, नोंदवह्यांचं किंवा बागेचं काम मागा. मदत तीही असते.

पहिला निरोप

‘आम्हाला समाजसेवा करायची आहे, कृपया मार्गदर्शन करावे’ असा निरोप गेला, की पुढचे पाच प्रश्न संस्थेला विचारावे लागतात. त्यापेक्षा असं लिहा:

‘नमस्कार. आमच्या महाविद्यालयातील १८ विद्यार्थी (वय १७ ते २०) आणि २ शिक्षक पुढील दोन महिन्यांत एका शनिवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत आपल्या संस्थेसाठी काम करू इच्छितात. आम्ही साहित्याचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत करू शकतो. आपल्याकडे रखडलेले एखादे काम आहे का, आणि एका वेळी किती जण आपल्याला सोयीचे पडतील, हे जाणून घ्यायचे आहे. पुढील आठवड्यात आमच्यापैकी दोघे वीस मिनिटांसाठी भेटायला येऊ शकतात. आत्ता शक्य नसेल तर तसे मोकळेपणाने कळवावे.’

खाली एकाच व्यक्तीचं नाव आणि एकच नंबर द्या. पाच जणांनी पाच निरोप पाठवले, की संस्थेच्या लेखी तो गट विस्कळीत ठरतो. शेवटचं वाक्य शोभेसाठी नाही. त्यामुळे समोरच्याला नकार देणं सोपं होतं आणि तुमचे तीन आठवडे वाचतात. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक फोन करा. त्यानंतरही शांतता असेल तर पुढच्या संस्थेकडे वळा, राग न धरता.

भेटीला दोघंच जा, आणि मापपट्टी घेऊन जा

सेवेतून शिक्षण या विषयावर काम करणारे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ साली तीन तत्त्वं मांडली होती. त्यातलं पहिलं असं, की ज्यांची सेवा करायची, सेवेवरचा ताबा त्यांच्याकडेच असावा. भेटीत याचा सरळ अर्थ होतो: तुमची कल्पना आधी सांगू नका. ‘आम्हाला भिंतीवर चित्र काढायचंय’ म्हटलं, की संकोचाने होकार मिळतो आणि गळकं छत, न लावलेली पुस्तकं हे विषय निघतच नाहीत. त्याऐवजी विचारा:

– गेल्या सहा महिन्यांत माणसं नाहीत म्हणून कोणतं काम पुढे ढकललं गेलं?
– याआधी आलेल्या गटांचा कोणता त्रास झाला?
– त्या दिवशी आमच्यासोबत तुमच्याकडचं कोण असेल, आणि किती वेळ?
– काम संपल्यावर त्याची निगा कोण राखणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला जरा वेळ लागतो. गप्प बसा, येऊ द्या. बहुतेक वेळा खरी आखणी तिथूनच सुरू होते. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते काम करू नका. पाणी घालायला कोणी नसेल तर लावलेली रोपं महिन्याभरात वाळतात.

मग जागा फिरून बघा. खोलीचं माप, नळ, स्वच्छतागृह, विजेची बटणं, सामान ठेवायची जागा, पाऊस आला तर आडोसा. फोटो काढायचे तर रिकाम्या खोलीचेच, आणि विचारून.

काम तासांत मोजा

बरेच प्रकल्प इथेच फसतात. ‘ग्रंथालय लावून देऊ’ हे ऐकायला एका सकाळचं काम वाटतं. संस्थेची परवानगी घेऊन आधी दहा पुस्तकं करून बघा आणि घड्याळ लावा. पुस्तक पुसणं, नाव-लेखक-विषय वहीत उतरवणं, क्रमांकाची चिठ्ठी डकवणं, कप्प्यात ठेवणं, यासाठी दोघांच्या जोडीला समजा एका पुस्तकामागे ४ मिनिटं लागली. पुस्तकं १२०० असतील, तर एका जोडीचे ८० तास झाले. तुमचे १६ जण म्हणजे ८ जोड्या. तीन तासांच्या पाळीतला पाऊण तास समजावणं, सुट्टी आणि आवराआवर यात जातो, उरले सव्वादोन. आठ जोड्यांचे मिळून १८ तास झाले, म्हणजे एका सकाळी २७० पुस्तकं. सगळं ग्रंथालय लावायचं तर पाच सकाळी लागतील.

आता दोनच प्रामाणिक पर्याय राहतात: पाच शनिवार यायचं, किंवा फक्त बालविभागाची २७० पुस्तकं पूर्ण करायची. १२०० पुस्तकं खाली काढून २७० लावणं हा पर्याय नाही, पण प्रत्यक्षात होतं नेमकं तेच. संस्थेचे लोक पुढचे दोन आठवडे ढिगाऱ्यांतून वाट काढत बसतात. साधा नियम ठेवा: एका वेळी एकच कप्पा खाली काढायचा आणि तो पूर्ण लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

खोली रंगवण्याचंही असंच. ५ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली घ्या. चार भिंतींची लांबी मिळून १८ मीटर, म्हणजे ५४ चौरस मीटर. दारं-खिडक्यांचे ६ वजा केले तर ४८. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरतं. दोन हातांचे ९६ चौरस मीटर होतात, म्हणजे १० लिटर रंग धरा. छत यात नाही. भिंत खडबडीत असेल तर ती रंग जास्त पिते. डब्यावर पसरण्याचा आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा.

रंगापेक्षाही वेळ आणि माणसं चुकतात. दोन हातांमध्ये काही तास जावे लागतात, दमट हवेत आणखी जास्त. त्यामुळे तीन तासांच्या पाळीत दोन हात होत नाहीत. घाई करून ओल्यावरच दुसरा हात फिरवला, की पहिला रोलरला चिकटून सालीसारखा निघून येतो. पहिल्या दिवशी घासणं, भोकं पुट्टीने बुजवणं आणि प्रायमर, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला हात आणि दुपारनंतर दुसरा, असे किमान दोन दिवस धरा. अशा खोलीत चार रोलर, कडांना दोन ब्रश आणि रंग ओतून द्यायला एक, असे सात जण मावतात. आठव्याची पाठ ओल्या भिंतीला लागते. अठरा जण असतील तर बाकीच्यांना दुसरं काम हवं.

जुन्या इमारतीत आणखी एक खबरदारी. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ते मुलांच्या शरीराला घातक आहे. तिथे रंग खरवडण्याचं किंवा कोरडा घासण्याचं काम विद्यार्थ्यांना देऊ नका, आधी जाणकाराकडून तपासून घ्या. शिडीवर चढून करायचं कामही मोठ्यांकडेच ठेवा.

किनारा किंवा नदीकाठ साफ करायचा असेल तर चौघांचा गट करा: दोघं उचलतील, एक पोतं धरेल, एक काय सापडलं ते कागदावर टिपेल. टिपणारा रिकामटेकडा वाटतो, पण प्लास्टिकची झाकणं किती आणि जाळ्यांचे तुकडे किती, हा आकडा संस्थेला पुढे प्रशासनाकडे नेता येतो. सुया, फुटकी काच, औषधांच्या बाटल्या यांना विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. जागेवर उभं राहून मोठ्या माणसाला हाक मारायची, आणि त्याने चिमट्याने उचलून झाकणाच्या कडक डब्यात टाकायचं. भरलेली पोती कोण नेणार, हे आदल्या दिवशी पक्कं नसेल तर पहिल्या वाऱ्यात सगळं परत पसरतं.

कपडे किंवा वस्तू गोळा करायच्या असतील तर संस्थेकडून मापांसह यादी घ्या आणि ‘यापेक्षा जास्त नको’ असा वरचा आकडाही घ्या. फाटकं-मळकं वेगळं काढायचं काम तुमच्या जागी करा. खोकं दहा किलोच्या आत ठेवा आणि आत काय आहे ते खोक्याच्या बाजूवर लिहा. झाकणावर लिहिलेलं, त्यावर दुसरं खोकं आलं की दिसत नाही.

कागद

लांबलचक करार नको, एक पान पुरे. तारीख, वेळ, किती जण, नेमकं काम, साहित्य कोण आणणार, खर्च कोण करणार, देखरेख कोणाची, पाऊस किंवा आजारपण आलं तर कोणी कोणाला किती वाजेपर्यंत कळवायचं, हे त्यात असावं. दोन्हीकडच्या सह्या हव्यात. ‘परिसर स्वच्छता’ असं मोघम लिहू नका. ‘मागच्या अंगणातलं तण काढून कुंपणालगत साठवणं’ असं लिहा.

अठराच्या खालच्या प्रत्येकासाठी पालकांचं संमतीपत्र लागेल. त्यात कामाचं स्वरूप, प्रवासाची सोय, ऍलर्जी आणि औषधं, तातडीचा फोन नंबर येऊ द्या. लहान मुलं, वृद्ध किंवा आजारी माणसांसोबत काम असेल तर संस्था ओळखपत्रं किंवा पोलिस पडताळणी मागू शकते. तिला वेळ लागतो, म्हणून पहिल्या भेटीतच विचारा. अपघात झाला तर विमा कोणाचा, हा प्रश्न अवघड वाटला तरी दोन्हीकडे विचाराच.

फोटोंचा नियम लेखी करा. आमचा सल्ला: काम करणारे हात, लावलेली कपाटं, रंगलेली भिंत यांचे फोटो चालतील. संस्थेत राहणाऱ्यांचे चेहरे नकोत. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून हसणारा गट कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

आठवडाभर आधी

जबाबदाऱ्या वाटून द्या: एक जण संस्थेशी बोलणारा, एक साहित्याचा, एक हजेरी आणि संमतीपत्रांचा, एक प्रवासाचा. प्रत्येकामागे एक बदली माणूस ठेवा, कारण साहित्याच्या चाव्या ज्याच्याकडे असतात तोच नेमका त्या दिवशी आजारी पडतो.

शाळेच्या गटात दहा विद्यार्थ्यांमागे निदान एक मोठी व्यक्ती हवी, पण गट कितीही लहान असला तरी दोनपेक्षा कमी नको. कोणाला लागलं तर एक जण डॉक्टरकडे जाईल, दुसरा गटाजवळ राहील.

तयारीची बैठक एक तासाची पुरते, शक्यतो संस्थेच्या माणसाला बोलावून. संस्था काय करते आणि हे काम तिला का हवंय, हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. कपडे-बुटांबद्दल स्पष्ट सांगा: बंद बूट, मळले तरी चालतील असे कपडे. कसं बोलायचं तेही सांगा. वृद्धाश्रमात सरसकट ‘आजी-आजोबा’ न म्हणता आधी नाव विचारावं, खोलीत जाण्यापूर्वी दारावर टकटक करावी, ‘तुम्ही इथे कसे आलात?’ हे विचारू नये.

दोन दिवस आधी संस्थेला फोन करून सगळं पुन्हा पक्कं करा. महिन्यापूर्वी ठरलेलं त्यांच्या गडबडीत मागे पडलेलं असू शकतं.

त्या दिवशी

चौघं जण अर्धा तास आधी पोचून साहित्य मांडतात. नऊ वाजता हजेरी, मग दहा मिनिटं कामाची सूचना, आणि एक नग सगळ्यांसमोर करून दाखवायचा: एक पुस्तक, एक खोकं, भिंतीचा एक पट्टा. तोंडी सूचना पहिल्या दहा मिनिटांतच विसरल्या जातात, पाहिलेलं राहतं. साडेनऊला गटप्रमुखाने फिरून प्रत्येक जोडीचं काम तपासायचं. चूक तेव्हा सापडली तर दहा चिठ्ठ्या बदलाव्या लागतात, अकराला सापडली तर दीडशे.

साडेदहाला पंधरा मिनिटं पाणी आणि विश्रांती. साडेअकराला काम थांबवायचं, कितीही रंगात आलेलं असलं तरी. शेवटचा अर्धा तास झाडलोट, ब्रश धुणं, साहित्य मोजून परत ठेवणं आणि केलेलं काम संस्थेच्या माणसाला दाखवणं यासाठी आहे. अर्धवट राहिलेल्या कामाची चिठ्ठी तिथेच लिहून द्या: कुठपर्यंत झालं, पुढचं काय, उरलेलं साहित्य कुठे ठेवलंय.

प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर गटप्रमुखाजवळ हवा, बसमधल्या पिशवीत नको.

नंतर

दोन दिवसांच्या आत अर्धा तास एकत्र बसा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान वाटलं’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा विचारा: आज कोणतं काम तुम्हाला बिनकामाचं वाटलं, आणि संस्था ते का करत असेल? तिथल्या माणसांनी तुमच्याशिवाय हे कसं निभावलं असतं? ही गरज मुळात निर्माणच का झाली? विद्यार्थ्यांनी लिहून द्यायचं असेल तर त्यात संस्थेतल्या कोणाचं नाव, आजार किंवा पूर्वायुष्य नको.

संस्थेला एका पानाचा अहवाल द्या: किती जण, किती तास, काय पूर्ण झालं, काय राहिलं, किती खर्च झाला. त्या पानाचा उपयोग संस्थेला देणगीदारांसमोर होतो, त्यामुळे आकडे फुगवू नका. सोबत संस्थेचे त्या दिवशी किती तास गेले, हेही विचारून लिहून ठेवा. सुरुवातीला मांडलेला हिशेब इथे पुरा होतो, आणि पुढच्या वेळी गट किती मोठा न्यायचा ते त्यावरून ठरतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन करा. आभार आधीच मानून झालेले असतात, हा फोन चौकशीचा: चिठ्ठ्या टिकल्या का, मुलं पुस्तकं नेतात का, रंग कुठे सुटला का? चिठ्ठ्या गळून पडत असतील, तर दोघा जणांनी चांगला गोंद घेऊन एक संध्याकाळ जाऊन यायचं.